मूकपटांनी शिकवलेली पतिभक्ती आणि जातीचा पहारा

ज्या चित्रपटाला आपण भारताचा पहिला कथापट म्हणतो, त्याच्या कथेत एक नवरा आपली बायको विकतो. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमात दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. कथा सगळ्यांना माहीत आहे. विश्वामित्राला दिलेल्या शब्दापायी राज्य जाते, दक्षिणा उरते, ती फेडण्यासाठी तारामती आणि लहान मुलगा विकले जातात. तारामती ब्राह्मणाच्या घरची दासी होते. राजा स्मशानातल्या डोंबाचा चाकर होतो. बायको विकणाऱ्या राजाला कथा दोष देत नाही, उलट सत्यवचनी म्हणून डोक्यावर घेते. आणि त्याच्या अधःपतनाची शेवटची पायरी कोणती दाखवते? तर अस्पृश्याची चाकरी!

म्हणजे बायको ही नवऱ्याची मालमत्ता आणि अस्पृश्य हा माणसाच्या घसरणीचा तळ, या दोन्ही गोष्टी एकाच कथेत शेजारी शेजारी बसल्या आहेत. हा योगायोग नाही. १९१३ पासून १९३१ साली 'आलम आरा' बोलू लागेपर्यंत आपल्याकडे सुमारे तेराशे मूकपट तयार झाले. त्यांतले अगदी मोजके आज शिल्लक आहेत. सिनेमाचे इतिहासकार त्यांच्याकडे तंत्र, धाडस आणि स्वदेशी उद्योग म्हणून पाहतात. तसे जरूर पाहावे. पण या चित्रपटांनी लग्नाबद्दल, नवराबायकोच्या निष्ठेबद्दल काय शिकवले, हे कोण विचारणार? माझे म्हणणे असे आहे की तो धडा निष्ठेचा नव्हताच. तो बाईच्या मालकीचा धडा होता, आणि बाईच्या मालकीवरच जात उभी आहे.

नवरा कसाही असो

फाळक्यांनी १९१४ साली 'सत्यवान सावित्री' काढला. त्यानंतर सती, साध्वी, पतिव्रता यांच्या कथा मूकपटांचा हुकमी माल झाल्या. प्रेक्षक गाड्या जुंपून येत, पडद्यावर देव दिसला की हात जोडत. पडद्यावर मध्ये मध्ये लेखी पाट्या येत आणि ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी थिएटरात कुणीतरी त्या मोठ्याने वाचून दाखवी. ज्या समाजाला पोथी हातात धरायची बंदी होती, त्यालाही आता पोथीतला उपदेश दोन-चार आण्यांत ऐकायला मिळू लागला. पोथी बदलली नव्हती, फक्त तिची पोच वाढली होती.

या सावित्रीच्या कथेला महाराष्ट्रातल्याच एका बाईने बत्तीस वर्षे आधी उत्तर देऊन ठेवले होते. बुलढाण्याच्या, सत्यशोधक परंपरेतल्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री पुरुष तुलना' लिहिले. सुरतेच्या एका ब्राह्मण विधवेवर चाललेल्या बालहत्येच्या खटल्यानंतर सगळी वर्तमानपत्रे बायकांच्या नीतीवर तुटून पडली होती. ताराबाईंनी विचारले की सावित्री नवऱ्यासाठी यमाच्या दारापर्यंत गेली. बायकोसाठी यमाच्या रस्त्याला लागलेला एखादा तरी नवरा कुणी ऐकला आहे का? या प्रश्नाला धर्ममार्तंडांनी उत्तर दिले नाही. मूकपटांनीही दिले नाही. त्यांनी सावित्री पुन्हा पुन्हा काढली, तिचा नवरा कधी काढला नाही.

पुराणकथांकडून सिनेमा सामाजिक कथेकडे वळला तेव्हा काही बदलले का? कलकत्त्याच्या मदन थिएटर्सने १९२२ साली 'पतिभक्ती' नावाचा सामाजिक चित्रपट काढला. नायिका लीलावतीचा उपदेश नावातच आहे: बायकांनी नवऱ्याची भक्ती करावी. गंमत पाहा. भक्ती शिकवणाऱ्या या चित्रपटातले एक नृत्य मद्रासच्या सेन्सॉरला अश्लील वाटले आणि ते कापायला लावले. नृत्य कापले गेले, भक्ती तशीच राहिली. मनुस्मृतीचा पाचवा अध्याय स्त्रीला हेच सांगतो: नवरा दुराचारी असो, दुसऱ्या बाईच्या नादी लागलेला असो, गुणहीन असो, साध्वीने त्याला देवासारखे पूजावे. 'पतिभक्ती' आली आणि पाच वर्षांनी, २५ डिसेंबर १९२७ रोजी, महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली ती मनुस्मृती जाळली गेली. ती जाळणाऱ्यांना ठाऊक होते की ग्रंथ कपाटात राहत नाही, तो घराघरात नांदतो.

नवरा का बिघडतो?

त्याच १९२७ साली मुंबईत चंदुलाल शहा यांचा 'गुणसुंदरी' आला. नायिका होती गोहर. या चित्रपटाचे इंग्रजी नाव होते 'व्हाय हजबंड्स गो ॲस्ट्रे', म्हणजे नवरे का बहकतात. चित्रपट फार गाजला. इतका, की शहांनी १९३४ साली तो बोलपट म्हणून पुन्हा काढला.

कथा साधी आहे. बायको दिवसभर घरकामात आणि घरातल्या माणसांच्या सेवेत राबते. संध्याकाळी नवरा आपल्या काळज्या घेऊन घरी येतो, तेव्हा तिच्यात त्या ऐकण्याचे त्राण नसते. नवरा एका नर्तकीकडे जाऊ लागतो. मग बायको ठरवते की आपणही बदलायचे. तीही नटूनथटून घराबाहेर पडते आणि नवरा वठणीवर येतो. तात्पर्य काय, तर बायकोने नुसते कर्तव्य करून भागत नाही, तिने नवऱ्याची सोबतीणही व्हावे.

इथे काही मित्र म्हणतील की त्या काळाच्या मानाने हा चित्रपट पुरोगामी होता. रडत बसणाऱ्या सतीपेक्षा उंबरा ओलांडणारी बायको बरी नव्हे का? होय, बरी. नवऱ्याला 'तू कुठे जातोस' असे विचारणारी बाई पडद्यावर आली, हे मी नाकारत नाही. पण त्या इंग्रजी नावाकडे पुन्हा बघा. प्रश्न नवऱ्याच्या वागण्याचा आहे आणि उत्तर बायकोत शोधले आहे. बहकला तो, सुधारायचे तिने. आधी ती स्वयंपाकघरात कमी पडली तर दोष तिचा होता, आता ती सोबतीत कमी पडली तरी दोष तिचाच. कामात भर पडली, न्यायात नाही.

ही मांडणी जगभर विकली जात होती. आपल्या थिएटरांत तेव्हा अमेरिकन चित्रपटांचाच सुकाळ होता. हॉलिवूडच्या सेसिल डिमिल यांनी १९१८ ते १९२० या तीन वर्षांत लागोपाठ 'ओल्ड वाइव्हज फॉर न्यू', 'डोन्ट चेंज युअर हजबंड' आणि 'व्हाय चेंज युअर वाइफ?' हे चित्रपट काढले. शेवटच्या चित्रपटातली बायको साधी, पुस्तकी, नवऱ्याला सुधारू पाहणारी. नवरा घटस्फोट घेऊन दुसरीशी लग्न करतो. मग पहिली झगमगीत कपडे घालू लागते आणि तो परत येतो. धडा तोच. फरक एवढा की तिथल्या बायकोला निदान घटस्फोट होता.

आपल्या गुणसुंदरीला काय होते? १९२७ साली हिंदू पुरुषाला एक बायको असताना दुसरी, तिसरी करायला कायद्याची आडकाठी नव्हती. मुंबई प्रांतात ती बंदी १९४६ साली आली, देशभर १९५५ साली. घटस्फोटाचा कायदा मुंबई प्रांतात १९४७ चा. म्हणजे नवऱ्याची बाहेरख्याली कायद्याच्या लेखी गुन्हाच नव्हती. आणि १८६० च्या दंड संहितेतले ४९७ कलम काय म्हणत होते? परपुरुषाने एखाद्याच्या बायकोशी 'नवऱ्याच्या संमतीशिवाय' संबंध ठेवला तर तो गुन्हा. बायकोला आपल्या नवऱ्याविरुद्ध या कलमाखाली तक्रारच करता येत नव्हती. संमती नवऱ्याची, इजा नवऱ्याची, तक्रार नवऱ्याची. शेत कुणाचे आणि त्यात कुणाची जनावरे शिरली, असा तो हिशोब होता.

ज्यांच्याकडे काडीमोड होती, त्या बायका

इथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. घटस्फोट नाही, पुनर्विवाह नाही, हा नियम सगळ्यांचा नव्हता. महाराष्ट्रात महार, मांग, कुणबी आणि इतर कितीतरी जातींत काडीमोड होती, पाट होता, मोहतूर होते. नवरा मेला किंवा नांदवेना झाला तर बाई दुसरे घर करू शकत होती. हा स्वर्ग होता असे मी म्हणत नाही, मारझोड तिथेही होती, जातपंचायतीचा जाच होता. पण निदान दार उघडत होते. याच उघड्या दाराकडे बोट दाखवून उच्चवर्णीयांनी या जातींना हलके ठरवले. 'आमच्यात पाट लागत नाही' हे वाक्य प्रतिष्ठेचे झाले. जातीची शिडी चढायची तर आधी आपल्या बायकांची दारे बंद करायची, हा धडा बहुजनांनी गिरवला. मूकपटांतल्या सतींनी त्याच धड्याला चित्रे पुरवली.

पतिव्रता कोण झाली?

आता पडदा थोडा बाजूला करू. या साध्वी साकारल्या कुणी?

'राजा हरिश्चंद्र'साठी फाळक्यांना तारामती मिळेना. घरंदाज बाई येईना, कोठ्यावरच्या बायकांनीही नकार दिला. शेवटी ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. १९१७ च्या 'लंका दहन'मध्ये तर राम आणि सीता दोन्ही साळुंकेच! 'मोहिनी भस्मासुर'मध्ये पहिल्यांदा बाई आली. दुर्गाबाई कामत, नवऱ्यापासून वेगळ्या होऊन पोटापाण्यासाठी रंगभूमीवर आलेल्या. पार्वतीची भूमिका केली ती संसार मोडलेल्या बाईने.

कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांचा 'सैरंध्री' १९२० चा. विषय द्रौपदीच्या अब्रूचा आणि कीचकाच्या वधाचा. त्यात काम केलेल्या गुलाबबाई आणि अनसूयाबाई यांना नावे बदलून कमलादेवी आणि सुशीलादेवी व्हावे लागले. त्यांच्या समाजाने त्यांना वाळीत टाकले आणि त्यांनी स्टुडिओच्या आवारात आसरा घेतला. पडद्यावर एका बाईची अब्रू वाचत होती, आणि ती वाचवणारा चित्रपट करणाऱ्या बायका बेअब्रू ठरत होत्या.

'पतिभक्ती'ची लीलावती होती पेशन्स कूपर, कलकत्त्याची अँग्लो-इंडियन नटी. सुलोचना म्हणून गाजलेल्या रूबी मायर्स ज्यू होत्या. फातमा बेगम यांनी तर १९२६ साली 'बुलबुल-ए-परिस्तान' दिग्दर्शित केला. त्यांच्या मुली झुबेदा आणि सुलताना पडद्यावर चमकल्या. हिंदू गृहलक्ष्मीचा आदर्श उभा करायला हिंदू घराबाहेरच्या बायका लागल्या. त्यांच्या मेहनतीवर उद्योग उभा राहिला आणि समाजाने त्यांना 'सिनेमावाली' म्हणून दूर ठेवले.

आणि कथेतली 'दुसरी बाई'? ती नर्तकी असते, कलावंतीण असते, कोठ्यावरची असते. तिला नाव नसले तरी चालते, घर नसतेच. नवरा परत येतो तेव्हा तिचे काय होते हे कुणी विचारत नाही. आपल्याला मात्र ते विचारावे लागते, कारण ती आपल्यातली आहे. मुरळी, जोगतीण, तमाशातली नाचणारी, या बायका कुठल्या जातींतून आल्या? घरंदाज बाईचे पावित्र्य जपायचे तर पुरुषाच्या हौसेसाठी दुसरी कुणीतरी राखून ठेवावी लागते. ती जातीनेच राखून ठेवली. मग तिलाच चारित्र्यहीन म्हटले. संसार मोडल्याचा आळ तिच्यावर आणि मोडणारा पुरुष शेवटच्या रिळात चंदनासारखा शुद्ध!

रोझीने काय मोडले?

हे सगळे अनुमान आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी तिरुवनंतपुरमला जावे. मूकपटांच्या अखेरच्या काळात जे. सी. डॅनियल यांनी मल्याळम सिनेमाचा आरंभ मानला जाणारा 'विगतकुमारन' काढला. नायिका पी. के. रोझी, पुलया या दलित जातीतली मजूर बाई, लोकनाट्यात काम करणारी. तिने नायर घरातल्या बाईची भूमिका केली. नायक तिच्या केसांतल्या फुलाचे चुंबन घेतो, असे एक दृश्य होते. कॅपिटॉल थिएटरातल्या पहिल्या खेळाला आलेले उच्चवर्णीय प्रेक्षक खवळले. पडद्यावर दगड पडले. रोझीला गाव सोडून पळावे लागले. ती पुन्हा कधी पडद्यावर आली नाही. उरलेले आयुष्य तिने तमिळ मुलखात, आपली ओळख मागे टाकून काढले.

तिने कुठला व्यभिचार केला होता? कुणाचा नवरा पळवला होता? काही नाही. एका दलित बाईने दागिने घालून, नीटनेटकी साडी नेसून, नायर घरातली बाई म्हणून उभे राहणे हाच गुन्हा होता. अण्णा साळुंके सीता झाले, चालले. पेशन्स कूपर लीलावती झाली, चालले. पुरुष चालतो, गोरी चालते. रोझी चालत नाही. कारण पतिव्रता ही नीतीची पदवी नसून जातीची मिळकत आहे, आणि रोझीने नकळत त्या मिळकतीवर पाय ठेवला होता.

१९१६ चे उत्तर

याचे शास्त्र बाबासाहेबांनी फार आधी मांडले होते. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, वयाच्या पंचविशीत, त्यांनी 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला. जातीचे मूळ त्यांनी एका गोष्टीत दाखवले: जातीतच लग्न. जातीत लग्ने लावायची तर स्त्री-पुरुषांची संख्या जमली पाहिजे. नवरा मेला की बाई 'उरते'. उरलेली बाई जातीबाहेर लग्न करील ही भीती. म्हणून तिला जाळा किंवा विधवा करून कोंडा. बायको मेली की पुरुषही उरतो, पण त्याला ना जाळता येते ना कोंडता. म्हणून त्याच्यासाठी लहान मुलगी आणा. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह ही या हिशोबाची तीन साधने. आधी साधने आली, त्यांचे गोडवे मागाहून गायले गेले, असे बाबासाहेबांचे निदान आहे. या नजरेने पाहिले की सतींचे मूकपट म्हणजे काय ते कळते. ते त्या गोडव्यांचे नवे यंत्र होते.

बाबासाहेब न्यूयॉर्कला होते त्याच काळात, १९१५ च्या अखेरीस, तिथे डिमिलचा 'द चीट' झळकला. उधळी गोरी बायको एका श्रीमंत आशियाई व्यापाऱ्याच्या कर्जात अडकते, तो तिच्या खांद्यावर तापल्या शिक्क्याचा डाग देतो आणि शेवटी कोर्टातला गोरा जमाव त्याच्यावर तुटून पडतो. बायकोला माफी मिळते, संसार सावरतो. तिथे पहारा वर्णाचा होता, इथे जातीचा. दोन्हीकडे पहारेकऱ्याच्या हातात नीतीचेच कंदील.

आपल्या घरातली सावित्री

मग आपले म्हणणे काय? लग्नात निष्ठा नको? असा आरोप आपल्यावर नेहमी होतो. तो साफ खोटा आहे. पंचशीलातले तिसरे शील आपण रोज घेतो. व्यभिचारापासून दूर राहण्याची ती प्रतिज्ञा पुरुषही घेतो, स्त्रीही घेते, शब्द तेच. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी नवऱ्याची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. बायकोचा मान राखणे, तिला न अवमानणे, तिच्याशी एकनिष्ठ राहणे, घरातला अधिकार तिच्या हाती देणे. ही पुरुषाला सांगितलेली कर्तव्ये आहेत! 'नवरे का बहकतात' याचे उत्तर इथे बायकोच्या साडीत शोधलेले नाही. सत्यशोधक लग्नातही वधू भर मांडवात वराकडे स्त्रीच्या हक्कांची मागणी करते आणि वराला शब्द द्यावा लागतो. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी मुलींना सांगितले की लग्नानंतर नवऱ्याची मैत्रीण व्हा, बरोबरीने उभ्या राहा, गुलाम होऊ नका. 'गुणसुंदरी'ची सोबतीण आणि बाबासाहेबांची मैत्रीण यांत हाच फरक आहे. पहिली नवऱ्याला घरी आणण्यासाठी बदलते, दुसरी स्वतःच्या पायावर उभी असते.

एक अवघड प्रश्न टाळता येणार नाही. जून १९३६ मध्ये परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी मुरळ्या, जोगतिणी आणि वेश्याव्यवसायातल्या भगिनींना ते जिणे सोडण्याचे आवाहन केले. काही अभ्यासकांना त्यात घरंदाजपणाचाच आग्रह दिसतो. प्रश्न रास्त आहे, त्यावर बोलले पाहिजे. पण एक फरक ध्यानात घ्या. मूकपटाने दुसऱ्या बाईला दुसरी म्हणूनच ठेवले, कारण पहिलीचे पावित्र्य तिच्यावर टिकून होते. बाबासाहेब ही व्यवस्थाच मोडायला निघाले होते. त्यांनी त्या बायकांना आपल्या माणसांत बोलावले.

हिंदू कोड बिल रखडवले गेले म्हणून २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. २७ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ४९७ कलम रद्द केले. तारीख एकच, मध्ये सदुसष्ट वर्षे. कायद्याने नवऱ्याची मालकी संपली. घरातून संपली का?

वस्त्यांमध्ये काम करताना मी पाहते की बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर लागलेल्या लग्नांतही वाद विकोपाला गेला की सल्ला तोच मिळतो: 'तूच जरा नीट राहत जा, म्हणजे तो बाहेर जाणार नाही.' हा सल्ला देणाऱ्या मावश्यांनी 'गुणसुंदरी' पाहिलेला नाही, त्याचे नावही ऐकलेले नाही. पण मूकपटातून बोलपटात, बोलपटातून रात्रीच्या मालिकेत तो धडा चालत आला आहे. आपल्या आज्यांकडे काडीमोड होती. आपण शिकलो, नोकरीला लागलो आणि 'आमच्यात असले चालत नाही' म्हणू लागलो. ही प्रगती आहे की मनूच्या शिडीची एक पायरी?

आणि घराबाहेर? सोनई, खर्डा ही गावे आपण विसरलेलो नाही. जातीबाहेर प्रेम केले, नुसता संशय आला, तरी आपली मुले मारली जातात. मारणारे 'घराण्याची इज्जत' म्हणतात. रोझीवर दगड टाकणारेही तेच म्हणत होते.

म्हणून जुन्या सिनेमाचा गौरव करताना आपण तारामतीचा भाव कुणी ठरवला हे विचारायचे, आणि दरवर्षी फाळक्यांचे नाव घेतले जाते तेव्हा रोझीचेही घ्यायचे. आपल्या मुलींना सावित्री सांगायचीच असेल तर नायगावची सांगा. तिने नवऱ्याचे प्राण यमाकडे मागितले नाहीत. नवऱ्याच्या बरोबरीने उभे राहून तिने शेणाचा मारा झेलला आणि मुली शिकवल्या.

जय भीम!